९९ रुपयांत १०० फोटो: ऑनलाइन प्रिंट मागवताना कुठे कुठे कापतात

‘४ बाय ६ चे १०० फोटो, फक्त ९९ रुपये, २७० जीएसएम प्रीमियम ग्लॉसी.’ रील बघता बघता अशी जाहिरात समोर आली, की आधी स्टेशनरीच्या दुकानात २७० जीएसएमच्या, म्हणजे जाड, कोऱ्या फोटो पेपरचा भाव विचारून या. ९९ रुपयांत शंभर कोरे कागदसुद्धा येत नाहीत. शाई आणि कुरिअर राहिलं बाजूला. म्हणजे विकणाऱ्याची कमाई या ९९ रुपयांत नाहीच, ती पुढे आहे.

पहिला घाव पैसे भरायच्या पानावर बसतो. शंभर फोटो निवडून अपलोड करण्यात अर्धा तास जातो. तोवर आकडा ९९ चाच असतो. मग ‘हँडलिंग’, ‘कलर करेक्शन’, ‘सेफ पॅकिंग’ असं एकेक उगवतं आणि ‘फोटो प्रोटेक्शन’पुढे आधीच टिक केलेली असते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. अर्धा तास घातलेला माणूस इथून सहसा मागे फिरत नाही, हाच हिशोब. आधीच टिक करून संमती गृहीत धरायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे, आणि शेवटच्या क्षणी किंमत फुगवणं हे केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक सूचनांत नावानिशी आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट तेव्हाच काढा, नंतर ते पान सापडत नाही.

दुसरी गोम तुमच्याच फाइलमध्ये असते. ४ बाय ६ चा स्वच्छ प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, काढायला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. गॅलरीत फोटोचे तपशील उघडले की आकडा दिसतो. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ असेल तर तो फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला, बहुधा दाबून लहान झालेला. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्या. चांगली सेवा कमी पिक्सेलच्या फोटोवर इशारा देते. ठकवणारी काहीही मुकाट घेते, कारण नंतर ‘तुमचा फोटोच लो क्वालिटी होता’ म्हणायची सोय राहते. शिवाय बहुतेक फोन ४:३ मापात फोटो काढतात आणि ४ बाय ६ चं माप ३:२ आहे. ६ इंच रुंदीला फोटोची उंची साडेचार इंच होते, कागद चारच इंच. अर्धा इंच जाणारच. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांच्या कपाळाला कात्री लागते ती यामुळे. ही फसवणूक नव्हे, पण क्रॉप न दाखवता ऑर्डर घेणं हा आळस नक्कीच. ‘फिट’चा पर्याय घेतला तर पांढरी पट्टी येते, डोकी शाबूत राहतात.

आता खरा खेळ कागदाचा. इथे स्वयंपाकघरातला वजनकाटा कामी येतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ४ बाय ६ चा एक कागद ०.०१५५ चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे २७० जीएसएमचे १०० प्रिंट साधारण ४२० ग्रॅम व्हायला हवेत. काट्यावर २८० दिसले तर तो १८० जीएसएमचा कागद आहे. यावर वाद घालायला विकणाऱ्याकडे काही उरत नाही. काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा.

‘लॅब प्रिंट’ सांगून इंकजेट पाठवणं हा याचाच भाऊ. लॅबमध्ये फोटो पेपरवर प्रकाशाने आणि रसायनांनी चित्र उमटतं, त्यात शाई नसते. पाठीवर बहुतेक वेळा कागदाच्या कंपनीचं नाव फिकट छापलेलं असतं. बिघडलेल्या एका प्रिंटच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बोट फिरवा. रंग पसरला तर स्वस्त इंकजेट. कोपरा घडी घालून रंगाची खपली उडाली तर लेझर. आडव्या बारीक रेघा दिसल्या तर प्रिंटरचं हेड चोंदलेलं होतं आणि कुणी बघायची तसदी घेतली नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीत पैसे बुडत नाहीत, हा गैरसमज आहे. पाकीट फोडण्याआधी पैसे द्यावे लागतात. म्हणून उघडताना सलग व्हिडिओ घ्या, सुरुवात लेबलपासून: पाठवणाऱ्याचं नाव, वजन, ट्रॅकिंग नंबर. पाकीट टाकून देऊ नका. काही जण तुमच्याच पिनकोडमध्ये भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवतात, ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं. अशा वेळी कुरिअर कंपनीकडे पोहोच मागा, म्हणजे सही आणि पत्ता.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर: ‘कस्टमाइज्ड वस्तू परत घेत नाही.’ त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. साइटच गायब झाली तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. तुम्हीच पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँक हात वर करते, क्रेडिट कार्डवर मात्र चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. आणि ‘रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

ऑर्डरीआधी साइटच्या तळाशी जीएसटी क्रमांक बघा आणि जीएसटी पोर्टलवर टाका. पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची. एकूणातलं सहावं अक्षर इंग्रजी ‘पी’ असेल तर नोंदणी एका व्यक्तीच्या नावावर, ‘सी’ असेल तर कंपनीच्या. वर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि खाली ‘पी’, तर उठा तिथून. सगळं जुळलं तरी आधी दहाच प्रिंट मागवा: एक अंधारातला, एक ग्रुपचा, एक लग्नातला लाल शालूचा, कारण लाल रंग आधी बिघडतो. बाकीचे नव्वद, हे दहा हातात आल्यावर. फोटो ड्राइव्हच्या लिंकने दिले असतील तर सगळे प्रिंट आल्यावर ती लिंक बंद करा. घरातल्या मुलांचे फोटो तिथे वर्षानुवर्षं उघडे पडून राहतात.