फिलिपिन्समधली घराणी: कुठला कायदा कुणाला अडवतो?

फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, हे पहिल्यांदा ऐकलं की कुणीही चमकेल. राष्ट्राध्यक्ष बोंगबोंग मार्कोस हे हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांचे चिरंजीव, उपराष्ट्राध्यक्ष सारा दुतेर्ते या आधीच्या राष्ट्राध्यक्षांच्या कन्या, आणि २०२५च्या निवडणुकीनंतर २४ जणांच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, भावंडांच्या चार जोड्या! मेख कलमाच्या शेवटी आहे. घराणेशाही म्हणजे काय, ते कायद्याने ठरवायचं. कायदा करणार काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, आणि अतेनेओ विद्यापीठाच्या अभ्यासकांच्या मोजणीत २०१९ साली कनिष्ठ सभागृहातले ६७ टक्के प्रतिनिधी आणि प्रांतांचे निवडून आलेले तब्बल ८० टक्के गव्हर्नर घराण्यांतले निघाले. २०२५ सरलं तरी कायदा झालेला नव्हता.

वादात मुख्य भूमिका तीन. सगळं मतदारावर सोडावं. एका वेळी एका घरात एकच पद, एवढंच बंधन घालावं. किंवा खुर्ची घरातल्या घरात पुढे सरकवणंही बंद करावं. नातं किती दूरपर्यंत मोजायचं, हा त्यातला पोटप्रश्न. न्याय्य काय, यावर हवेत बोलत बसण्यापेक्षा प्रत्येक भूमिका खऱ्या गावांना लावून बघावी. बाजू ठरवणं त्याने बरंच सोपं होतं.

मतदार बघून घेईल

लोकांनी निवडून दिलं, मग बाकीच्यांची हरकत कशाला? शिवाय बापाच्या आडनावापायी मुलाचा उभं राहण्याचा हक्क काढून घेणं हाही अन्यायच. हा युक्तिवाद फालतू नाही, आणि पासिग शहर त्याच्या बाजूने साक्ष देतं. तिथे १९९२पासून २७ वर्षं महापौरपद युसेबिओ कुटुंबात फिरत होतं: नवरा, बायको, मुलगा, सून. २०१९मध्ये तिशीही न गाठलेल्या विको सोटोने ते मतपेटीतून संपवलं. पण हा विको म्हणजे लोकप्रिय अभिनेते विक सोटो यांचा मुलगा, आणि त्याचे काका टिटो सोटो तेव्हा सिनेटचे अध्यक्ष. घराणं हरवायलाही वजनदार आडनाव लागलं!

सामान्य मतदाराची अडचण वेगळीच आहे. घरातलं माणूस इस्पितळात असतं, बिल भागत नाही, तेव्हा तो प्रतिनिधीच्या कचेरीतून ‘गॅरंटी लेटर’, म्हणजे बिलाची हमी देणारं पत्र, आणायला रांगेत उभा राहतो. पैसा सरकारी, पण पत्रावर सही साहेबांची. त्या उपकाराची जाण ठेवून त्याने मत दिलं, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. सरकारी मदत त्याच्यापर्यंत उपकार म्हणून पोचते, दोष त्यात आहे.

आणि काही ठिकाणी मतदारापर्यंत गोष्ट जातच नाही. २३ नोव्हेंबर २००९ रोजी मागुइंदानाओ प्रांतात आम्पातुआन घराण्याच्या सशस्त्र माणसांनी एक ताफा अडवला. विरोधी उमेदवार एस्माएल मांगुदादातू यांची पत्नी आणि बहिणी त्यांचा उमेदवारी अर्ज भरायला निघाल्या होत्या. ५८ जण मारले गेले, त्यांत ३२ पत्रकार. आम्पातुआनांचा बाप प्रांताचा गव्हर्नर, एक मुलगा महापौर, दुसरा तो प्रांत ज्यात होता त्या स्वायत्त प्रदेशाचा गव्हर्नर. जाब विचारायचा तर कुणाकडे जाऊन?

एका वेळी एकच

या भूमिकेचं मर्म दावाओ शहरात दिसतं. मे २०२५मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत असताना महापौर म्हणून निवडून आले. उपमहापौर त्यांचा मुलगा सेबास्तियन. तिथे उपमहापौर हा शहराच्या कायदेमंडळाचा पीठासीन अधिकारी असतो, महापौराचं अंदाजपत्रक मंजूर होतं ते याच सभेत. म्हणजे मागणारा बाप आणि मंजुरीच्या खुर्चीत मुलगा. वडील हजर नाहीत म्हणून सेबास्तियन प्रभारी महापौर झाला, आणि प्रभारी उपमहापौर झाला नातू रिगो. शिवाय काँग्रेसमध्ये एक मुलगा आणि आणखी एक नातू. बंदीसाठी याहून जास्त कारण कशाला हवं?

पण हाच नियम पासिगला लावा. युसेबिओंनी महापौरपद एकामागून एक भोगलं, त्यामुळे २७ वर्षांची ती साखळी या नियमात सहज बसते. माकाती शहरातही तेच. १९८६पासून मधला थोडा काळ वगळता महापौरपद बिनाय घराण्यात आहे: जेजोमार, पत्नी एलेनिता, पुन्हा जेजोमार, मुलगा जुनजुन, मुलगी ॲबी, आणि २०२५पासून दुसरी मुलगी नॅन्सी. (२०१९मध्ये तर ॲबी आणि जुनजुन ही सख्खी भावंडं समोरासमोर लढली.) गंमत म्हणजे या फिरतीला खतपाणी एका सुधारणेनेच घातलं. तिथे महापौराला तीन-तीन वर्षांच्या सलग तीनच मुदती मिळतात, चौथ्या वेळी खुर्ची सोडावी लागते, मग ती घरातच ठेवली जाते. वॉर्ड राखीव झाला की घरातलंच दुसरं नाव पुढे येतं, हे पाहिलेल्या मराठी माणसाला हे गणित समजावून सांगायला नको.

डिसेंबर २०२५मध्ये कनिष्ठ सभागृहाचे सभापती बोजी डाय आणि राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव सँड्रो मार्कोस यांनी, म्हणजे दोघाही घराणेवाल्यांनी, बंदीचं विधेयक मांडलं. नातं चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे चुलत-मामे भावंडांपर्यंत, मोजायचं, पण रोख एका वेळच्या पदांवर. कागदावर कडक दिसतं. माकाती-पासिगसारखी साखळी त्यातून अलगद सुटते.

वारसाही नको, पण नातं किती?

म्हणून माझं मत तिसऱ्या भूमिकेला. पद सोडताना लगेच त्याच जागी नवरा, बायको, मुलं, भावंडं, सून-जावई नकोत. एक मुदत थांबा, नाहीतर दुसरीकडे जाऊन लढा. यात कुणाचा हक्क कायमचा जात नाही. माकातीत ज्येष्ठांना वाढदिवसाला केक मिळतो, आरोग्याचं ‘येलो कार्ड’ चालतं. सेवा चांगली असेल तर ती तीन वर्षं दुसऱ्याच्या हातूनही चालायला हवी.

नात्याच्या बाबतीत मात्र मी सौम्य बाजूने आहे. तिथे आईवडील-मुलं पहिली पायरी, भावंडं आणि आजोबा-नातू दुसरी, काका-पुतण्या तिसरी, चुलत-मामे भावंडं चौथी. राष्ट्रीय पदांवरचे नातेवाईक धरून चौथीपर्यंत गेलात, तर २०१९मध्ये काका सिनेटचे अध्यक्ष असल्यामुळे विको सोटोच बाद झाला असता आणि पासिग युसेबिओंकडेच राहण्याची शक्यता वाढली असती. दुसरीवर थांबलात तर दावाओचे आजोबा-मुलं-नातू अडतात, सिनेटमधल्या चारही जोड्या अडतात, वडील राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत सँड्रोही अडतो.

दुसऱ्या पायरीचा हा नियम तिथे नवा नाही. २०१६च्या जानेवारीत सही झालेल्या कायद्यानुसार गावपातळीच्या युवा मंडळाला, म्हणजे सांगुनियांग कबाताआनला, तो लागूच आहे. बाप गावचा कप्तान, म्हणजे गावप्रमुख, असेल तर वीस वर्षांच्या मुलीला त्या मंडळात उभं राहता येत नाही. तिच्या आईने मात्र महापौरपदासाठी खुशाल अर्ज भरावा. आहे तो नियम वरच्या पदांना लावा आणि त्यात लगतच्या वारशाची मनाई घाला, एवढीच माझी मागणी. त्यात मार्टिन रोमुआल्देझ सुटतील, कारण ते राष्ट्राध्यक्षांचे मामेभाऊ, चौथ्या पायरीवरचे. २०२२ ते २०२५ ते सभापती होते, म्हणजे ही सूट लहान नव्हे. तरी विकोला वाचवण्यासाठी ती किंमत मला परवडते.