सोलापुरात पहिली रीफ टाकी: एक फुटी क्यूब घ्यावी की दोन फुटी?

रीफ टाकी म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. पहिली घ्यायला गेलं की निवड बहुतेक दोन मापांत होते. एक, टेबलावर मावणारी एक फुटी क्यूब, साधारण २७ लिटरची. दुसरी दोन फुटी, म्हणजे २४ इंच लांब, १५ रुंद, १५ उंच, साधारण ८८ लिटरची. दगड आणि वाळू घातल्यावर पहिलीत प्रत्यक्ष पाणी राहतं २२ लिटरच्या आसपास, दुसरीत ७५. मुंबईच्या माणसाला जागा आणि खिसा बघून ठरवता येतं. आपल्याकडे आधी बघायचं ते खोली कुठल्या मजल्यावर आहे, टाकी कुठल्या भिंतीला लागणार आणि नळाला पाणी किती दिवसांआड येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गच्चीखालची खोली नसेल आणि घरात आरओ-डीआयचं पाणी (आरओनंतर रेझिनमधून गाळून उरलेले क्षारही काढलेलं) काढायची तयारी असेल, तर दोन फुटी घ्या, त्यात मऊ कोरल ठेवा आणि चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे वाचवा. क्यूब चांगली आहे, पण ती रोज घरी असणाऱ्या माणसाची टाकी आहे.

उन्हाळा: पंखा की चिलर

रीफच्या पाण्याचं तापमान २४ ते २७ अंशांत असावं. मऊ कोरल २८-२९ अंश काही आठवडे सोसतात. तिशी ओलांडली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, कोरल रंग टाकायला लागतात आणि मासे वर येऊन धापा टाकतात. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४१-४२ अंश असताना हे जमायचं कसं, म्हणून पुष्कळ जण विषयच सोडून देतात.

इथे सोलापूरची हवा आपल्या बाजूने आहे, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. पाण्यावर पंख्याचा वारा सोडला की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. हवा जितकी कोरडी तितका हा परिणाम जास्त. ४१ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर नुसत्या बाष्पीभवनाने पाणी उतरण्याची सैद्धांतिक मर्यादा २३-२४ अंशांच्या आसपास येते. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला हीच मर्यादा २८ च्या घरात असते. म्हणून मुंबईच्या रीफवाल्याने पंखा फुकट गेल्याचं सांगितलं, तर त्याच्यापुरतं ते खरं आहे. आपल्याकडे संगणकातले १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्यावर तिरपे लावले, तर पाणी खोलीपेक्षा सहज तीन-चार अंश खाली राहतं, हवा फार कोरडी असेल तेव्हा आणखीही. वरची काच मात्र काढावी लागते. तिच्या जागी नायलॉनची जाळी बसवा, कारण समुद्री मासे उडी मारतात.

चिलर हवं ते तापमान नेमकं धरून ठेवतो यात शंका नाही. पण पंख्यांचं काम हजार-दोन हजारांत उरकतं आणि चिलर त्याच्या कित्येक पट महाग पडतो. वीजही दीडशे-दोनशे वॉट आणि वर खेचतो, आणि पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो. खोली बंद असेल तर तापमान पुन्हा वाढतं. गच्चीखालची खोली असेल तर मात्र चिलर नाहीतर एसी लागेलच. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, पाण्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. तिथे पंख्याच्या भरवशावर राहू नका. पश्चिमेची भिंतही टाळा.

थंडीची काळजी थोडीच. डिसेंबरच्या रात्रींसाठी क्यूबला ५० वॉटचा आणि दोन फुटीला १०० वॉटचा हीटर पुरतो.

उडणारं पाणी

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभराहून थोडं जास्त पाणी उडतं असं धरलं, तर क्यूबमधून लिटरभर आणि दोन फुटीतून अडीच-तीन लिटर रोज जातं. पाणी जातं, मीठ मागे राहतं. दर लिटरला ३५ ग्रॅम क्षारतेचं पाणी दोन दिवस तसंच राहिलं, तर क्यूबमध्ये ते साडेअडतीसच्या आसपास पोचतं आणि दोन फुटीत अडतीसच्या आत राहतं. हा फरक वाटतो तेवढा मोठा नाही, आणि "मोठी टाकी म्हणजे स्थिर टाकी" असं सरसकट सांगणारे इथे चुकतात. बाष्पीभवनाचा धक्का टाकीतलं पाणी किती खोल आहे यावर ठरतो. उथळ आणि लांबट टाकीला तो जास्त बसतो, मग ती कितीही लिटरची असो.

मोठ्या टाकीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. खायला जास्त पडलं, दगडामागे गोगलगाय मेली, पाहुण्यांच्या पोराने डबीच उपडी केली, तर निघणारा अमोनिया दोन्हीकडे तेवढाच. २२ लिटरमध्ये तो ७५ लिटरपेक्षा तिपटीहून जास्त तीव्र होतो. पहिल्या वर्षी नवखा माणूस नेमक्या याच कारणांनी मासे गमावतो. मी दोन फुटीच्या बाजूने आहे ते यासाठी.

मीठ मोजायला सुरुवातीला स्वस्तातला काट्याचा हायड्रोमीटर देतात. त्यात पाणी भरून डोळ्याजवळ धरा. प्लास्टिकच्या काट्याला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील आणि एका बुडबुड्याने काटा वर सरकलेला असेल. टिचकी मारली की आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याच्या सीमारेषेवरचा आकडा वाचायचा. ३५ क्षारतेच्या द्रावणाने तो अधूनमधून जुळवून घ्या. पैसे वाचवायचे असतील तर दिव्यात वाचवा, यात नको.

रोजची भर घालायला ऑटो टॉप-अप दोन्ही टाक्यांना घ्याच. क्यूबला १० लिटरचा कॅन आठवडाभर पुरतो, दोन फुटीला २० लिटरचा. त्या कॅनमध्ये बिनमिठाचंच पाणी भरायचं.

पाणी आणायचं कुठून

क्यूबला भर कडक उन्हाळ्यात आठवड्याला दहा लिटर शुद्ध पाणी लागतं, दोन फुटीला सत्तावीस-अठ्ठावीस. यात दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं धरलं आहे. हे पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्य दाखवायला हवं. बोअरचं पाणी इथे बाद, त्यातले क्षार आणि नायट्रेट शेवाळाला खत होतात. वीस लिटरचे जार चालत नाहीत. घरातल्या पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, तेही चालत नाही. त्या आरओच्या मेम्ब्रेननंतर, पाणी परत मिसळण्याआधी, वेगळी नळी काढून पुढे डीआय रेझिनचा डबा जोडला की काम होतं. प्लंबरला नीट समजावून सांगावं लागतं एवढंच.

पाणी येईल त्या दिवशी उजनीचं पाणी ड्रममध्ये भरून घ्या आणि आरओ त्यावर चालवा. बोअरवर चालवलात तर रेझिन फार लवकर संपतं. एक भाग शुद्ध पाण्यामागे तीन भाग पाणी वाया गेलं असं धरलं, तर दोन फुटीपायी आठवड्याला ऐंशी लिटर बाहेर पडतं. ते फरशीला, भांड्यांना, संडासात वापरा. ज्या घरात टँकर मागवावा लागतो तिथे हा हिशेब घरच्यांसमोर आधी मांडा. नाहीतर तिथे क्यूबच बरी, किंवा गोड्या पाण्याची टाकी.

मिठाचं गणित सोपं. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम रीफ सॉल्ट. पहिल्या भरणीला क्यूबला किलोच्या आत, दोन फुटीला पावणेतीन किलोपर्यंत. समुद्राचं पाणी मुंबईहून कॅन भरून आणायची कल्पना सोडा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं.

वजनाचंही बघा. भरलेली दोन फुटी सव्वाशे किलोच्या घरात जाते, तिला अँगलचा स्टँड लागतो. फॅब्रिकेटरला रंगाचे दोन हात जास्त द्यायला सांगा, कारण काठावरून ओघळून वाळलेलं मीठ लोखंड खातं.

काय ठेवायचं आणि काय नाही

इथे आवड बाजूला ठेवून आधी कायदा बघावा लागतो. कठीण सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. समुद्री पंखे आणि समुद्रघोडेही. परदेशातून आलेल्या, साइटीस (संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या जिवंत प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार "सगळे ठेवतात" म्हणाला तरी कागद मागा, नसेल तर घेऊ नका. किनाऱ्यावरून तोडून आणलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जीव वसलेला दगडही नको. मानवनिर्मित सिरॅमिक दगड घ्या, क्यूबला तीन किलो, दोन फुटीला आठ-दहा. त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला वेळ लागतो, पण नको असलेले किडे आणि खेकडेही सोबत येत नाहीत.

मऊ कोरलचं मला मनापासून कौतुक आहे. मशरूम, झोअँथिड, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया. प्रवाहात झेनियाचे पंजे उघडमीट करत राहतात ते बघत बसलं की जेवणाची वेळ निघून जाते. कठीण कोरलला कॅल्शियम आणि क्षारीयता रोज भरून द्यावी लागते, जोराचा उजेड लागतो. मऊ कोरलचं आठवड्याच्या पाणीबदलीत भागतं आणि सोलापूरचा मे महिनाही त्यांना झेपतो. झोअँथिडला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालाच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असा दगड उकळायचा तर कधीच नाही.

क्यूबमध्ये एक छोटा गोबी मासा, एखादी कोळंबी आणि दोन-चार गोगलगायी, बस. दोन फुटीत ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी आणि सोबत एक गोबी आरामात राहतो. क्लाउनला ॲनिमोन (समुद्रफूल) लागतोच असं नाही, आणि नव्या टाकीत ॲनिमोन जगतही नाही. निळा टँग मासा दोन्हींत नको, त्याला सहा फुटी टाकीही मोठी नाही. मासे शक्यतो हॅचरीत जन्मलेले घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे, त्यामुळे देशात वाढवलेले क्लाउन मिळतात. ते तयार खाणं खातात आणि प्रवासही नीट सोसतात.

लाइट गेली तर

यात दोन्ही टाक्या सारख्याच. दिवा बंद राहिला तरी चालतो, पाणी हलतं राहायला हवं. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा छोटा पंप, पाच-दहा वॉटचा असतो, घरच्या इन्व्हर्टरवर रात्र काढतो. सेलवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा.

सुरुवात कधी करायची

गणपती उठले की टाकी लावा. मीठ मिसळा, दगड रचा, अमोनियाचे थेंब आणि बाटलीतले जिवाणू घालून चार ते सहा आठवडे मासा न टाकता चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसतंय, असं झालं की पाणी बदला आणि दिवाळीनंतर पहिल्या गोगलगायी आणा. मासे आणि कोरल कुर्ल्याच्या बाजारातून थर्माकोलच्या खोक्यात रात्रीच्या गाडीने आणायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग बारीक नळीने टाकीतलं पाणी तासभर थेंबथेंब पिशवीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

मार्चमध्ये इच्छा झाली असेल तर थांबायला नको. टाकी भरा, दगड ठेवा, पंखे आणि टॉप-अप जोडा आणि मे महिनाभर जिवाशिवाय चालवा. रोज दुपारी तीनला आणि रात्री अकराला तापमान लिहून ठेवा. दोन्ही आकडे २९ च्या खाली राहिले तर त्या खोलीला चिलर लागत नाही. वर गेले तर मासे आणायच्या आधी टाकीची जागा बदला.