पार्क टूल वॅग-४ डिशिंग गेज: दोष चाकात की चाकाबाहेर?

माउंटन बाइकचं मागचं चाक एका चेनस्टेकडे (पेडलपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या फ्रेमच्या दांड्याकडे) सरकलेलं दिसलं की हात आधी स्पोक-कीकडे, म्हणजे स्पोक आवळायच्या चावीकडे, जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बऱ्याचदा चाक अगदी ठीक असतं, एक्सल नीट बसलेला नसतो. वॅग-४ चाकाची डिश तपासतं, म्हणजे रिम हबच्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये आहे का ते. ते घ्यावं ते हा फरक कळावा म्हणून.

पण गेज काढायच्या आधी एवढं करून बघा. सायकल जमिनीवर उभी धरा, सीटवर वजन द्या, क्विक रिलीज सैल करून पुन्हा आवळा. १३५ मिमी हबचा एक्सल एका ड्रॉपआउटमध्ये (एक्सल बसते त्या फ्रेमच्या खाचेत) १ मिमी जरी खाली राहिला तरी २९ इंची रिमचा वरचा भाग २ मिमीहून जास्त कलतो. अशा वेळी सीटस्टेजवळची (सीटखालून एक्सलकडे उतरणाऱ्या दांड्यांजवळची) फट असमान दिसते, चेनस्टेजवळची मात्र बरीचशी जागेवर असते. रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चकतीही घासू लागते. रोटर हबला जोडलेला असतो, रिम सरकल्याने तो हलत नाही. म्हणून चाक काढून बसवल्यावर रोटर घासायला लागला असेल तर स्पोकला हात लावू नका. फट रिमपासून मोजा. टायरची बीड (रिममध्ये अडकणारी कड) वाकडी बसली असेल तर टायरवरून मोजलेलं सगळं चुकतं.

चाक उलटं बसवून पाहण्याची जुनी युक्ती डिस्क ब्रेकला सहसा जमत नाही, कारण कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या) कॅलिपरच्या (रोटर पकडणाऱ्या ब्रेकच्या) बाजूला येऊन अडते. गेजची खरी गरज इथे पडते. दोन सरकते ठोकळे रिमच्या समोरासमोरच्या कडांवर टेकवायचे, मधला दांडा हबच्या टोकाला लावून पक्का करायचा आणि गेज तसंच दुसऱ्या बाजूला ठेवायचं. दांडा आणि हब यांच्यात फट राहिली तर रिम या दुसऱ्या बाजूकडे सरकलेली आहे. दांडा टेकून एखादा ठोकळा अधांतरी राहिला तर ती पहिल्या बाजूकडे गेलेली आहे. दिसणारी फट प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते: २ मिमी दिसली तर रिम १ मिमीच सरकवायची. हे विसरलं की चाक हमखास पलीकडे जातं.

ठोकळ्यांमुळे १६ ते २९ इंची चाकं टायर न काढता तपासता येतात. ट्यूबलेसवाल्यांसाठी एवढं एक कारण पुरे, सीलंट सांडत नाही. मात्र चाकाला आउट असेल, म्हणजे फिरताना रिम डावी-उजवी डुगडुगत असेल, तर जागा बदलली की मापही बदलतं. आधी आउट काढा, मग चाक पाव-पाव फिरवून तपासा.

दुरुस्ती करताना रिम डावीकडे गेली असेल तर उजवे, म्हणजे कॅसेटकडचे, स्पोक आवळायचे. त्यांचा ताण आधीच कमाल मर्यादेला आलेला असेल तर डावे सैल करा. त्याने उजव्यांचाही ताण उतरतो. ३२ स्पोकच्या चाकात एका बाजूचे १६, प्रत्येकी पाव फेरी, मग पुन्हा माप. एका पूर्ण फेरीत निपल, म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट, स्पोकवर साधारण ०.४५ मिमी सरकतं. निपल टायरच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या दिशेने आवळतं. स्पोक-की नेमक्या मापाची हवी, ३.२३ मिमीच्या निपलला ३.४५ ची लावली तर कोपरे गोल होतात.

गेजला फ्रेम कळत नाही. कॅननडेलच्या काही फ्रेममध्ये मागचा हब मुद्दाम ६ मिमी उजवीकडे असतो, त्यामुळे त्यांच्या चाकाला गेज १२ मिमीचा फरक दाखवेल आणि तो बरोबरच असेल. चाक बरोबर निघूनही फट असमान राहिली तर फुल सस्पेन्शन सायकलचे पिव्हट (मागच्या फ्रेमचे सांधे) हलवून ढिले नाहीत ना ते बघा.

चाकं बांधणाऱ्याने किंवा चार सायकली सांभाळणाऱ्याने जरूर घ्यावं. एकाच सायकलसाठी रिम तीन सारख्या उंचीच्या डब्यांवर आडवी टेकवा, हबखाली नाण्यांची चळत रचा आणि चाक उलटून तीच चळत पुन्हा लावून बघा. वेळ जातो, पण उत्तर तेच मिळतं.