मुदतवाढीच्या कागदावर काउंटीचा शिक्का आहे का?

कॅलिफोर्नियात घरांची कामं घेणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. माणूस ओळखीतला, गणपतीत प्रसादाच्या रांगेत भेटणारा. त्याच्या मागच्या अंगणात छोटं घर, म्हणजे इथे ज्याला एडीयू म्हणतात ते, मी बांधून दिलं. इन्स्पेक्टरची शेवटची सही झाली आणि ३८ हजार डॉलरचा शेवटचा हप्ता अडकला. आधी टाइल्सचा रंग वेगळा वाटला, मग खिडकी आवडेना. पैसे द्यायची वेळ आली की असे दोष सुचतात, हे धंद्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

मी लीन लावलं. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसं हे घराच्या दफ्तरी चढतं. ते असेपर्यंत घर विकणं किंवा नवं कर्ज काढणं अवघड. मुख्य कंत्राटदाराने काम संपल्यापासून ९० दिवसांत ते काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या दस्त नोंदणी कचेरीत, नोंदवायचं. मालकाने काम पूर्ण झाल्याची नोटीस नोंदवली असेल तर त्या नोंदीपासून ६० दिवस, सबकाँट्रॅक्टरला ३०च. माझं लीन वेळेत नोंदलं गेलं.

खरी मेख पुढे आहे. लीन नोंदवल्यापासून ९० दिवसांत कोर्टात दावा लावला नाही, तर ते संपतं. हा आकडा त्यालाही माझ्याइतकाच पाठ होता. थोडे दिवस उरले असताना फोन आला. "दादा, कोर्टकचेरी कशाला? आपण काय परके आहोत का? दोन महिन्यांनी माझे शेअर्स मोकळे होतील, व्याजासकट देतो." घरी बोलावलं, वहिनींनी पोहे केले. मुदतवाढीचा कागद तयारच होता, नोटरीही हजर. कागदात खोट काढायला जागा नव्हती: सिव्हिल कोडचं कलम ८४६०, रक्कम, नवी तारीख, दोघांच्या सह्या. "उद्या ऑफिसला जाता जाता काउंटीत नोंदवून टाकतो, फी माझ्याकडे लागली," म्हणत त्याने मूळ प्रत फाइलमध्ये घातली आणि मला झेरॉक्स दिली.

त्याने ती नोंदवलीच नाही.

दोघांत मुदतवाढ ठरली, तरी तिची नोटीस त्याच ९० दिवसांत रेकॉर्डरकडे नोंदवावी लागते. नंतर नोंदवली तरी चालते, पण त्याआधी कुणी सचोटीने पैसे मोजून घर घेतलं किंवा त्यावर कर्ज दिलं, की संपलं. वेळेत नोंदवली तर दिलेली मुदत संपल्यावर दाव्यासाठी आणखी ९० दिवस मिळतात. तेही काम संपल्यापासून एका वर्षाच्या आतच. त्यापुढे दोघांनी कितीही सह्या केल्या तरी उपयोग नाही.

९० दिवस उलटले आणि त्याच्या वकिलाचं पत्र आलं: १० दिवसांत लीन काढा, नाहीतर कोर्टात अर्ज करू आणि वकिलाची फीही तुमच्याकडून घेऊ. तशी तरतूद खरंच आहे, हरणाऱ्याला फी भरावी लागते. तेव्हा काउंटीच्या नोंदी तपासल्या. मुदतवाढीचा पत्ताच नव्हता, मात्र नव्या मालकाच्या नावाचं खरेदीखत नोंदलेलं होतं. लीनची मुदत उलटून गेल्यामुळे टायटल कंपनीने, म्हणजे विक्रीआधी घराची मालकी आणि बोजे तपासणाऱ्या कंपनीने, विक्री अडवली नव्हती.

तुमच्याकडे कुणी असं गोड बोलत आला, तर कागद स्वतः काउंटीत न्या आणि दस्त क्रमांक पडलेली प्रत घेऊनच बाहेर पडा. माझा वकील तर म्हणतो, आधी दावा लावा, मग २० दिवसांच्या आत दफ्तरी दावा चालू असल्याची नोटीस नोंदवा, आणि मग काय हवी ती बोलणी करा. दावा चालू असतानाही तडजोड करता येते, पोहेही खाता येतात.

माझ्या हातात आता फक्त लेखी करार उरलाय. त्याला चार वर्षांची मुदत आहे, म्हणून पैशांचा साधा दावा लावलाय. घर हातचं गेलंय, त्यामुळे निकाल माझ्या बाजूने लागला तरी वसुली कशातून करायची, हे वकिलाने अजून सांगितलेलं नाही.