अडेबायोर की द्रोग्बा?

टोगोचा एमॅन्युएल अडेबायोर आणि आयव्हरी कोस्टचा दिदिए द्रोग्बा. दोघेही फुटबॉलमधले पश्चिम आफ्रिकेचे धिप्पाड सेंटर फॉरवर्ड (गोल करणारे मुख्य आक्रमक), फ्रान्समध्ये घडलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये नावाजलेले.

अडेबायोर मात्र कुठे फार काळ टिकला नाही. मेत्झ, मोनॅको, आर्सेनल, मँचेस्टर सिटी, रियाल माद्रिद, टॉटनहॅम, तुर्कस्तान आणि मग थेट पॅराग्वे! २००७-०८ मध्ये आर्सेनलसाठी त्याने लीगमध्ये २४ गोल केले आणि २००८ चा आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या मोसमातला अडेबायोर कुणालाही आवरला नसता. पण मोठी ट्रॉफी म्हणावी तर २०११ चा स्पॅनिश कप, तोही माद्रिदकडे उसना असताना.

द्रोग्बाही शांघाय, इस्तंबूल, माँट्रियल असा भरपूर फिरला, पण लंडनच्या चेल्सी क्लबात सलग आठ वर्षं राहिल्यानंतर. २०१२ च्या म्युनिकमधल्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) फायनलमध्ये ८८ व्या मिनिटाला बरोबरीचा हेडर त्याचा आणि विजयी पेनल्टीही त्याचीच.

कारकीर्द म्हणून मी द्रोग्बाचीच निवडेन. तरी २०१० मध्ये अंगोलातल्या काबिंडात टोगो संघाच्या बसवर झालेला जीवघेणा हल्ला सोसून अडेबायोर पुन्हा टोगोसाठी उतरला, त्याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.