बाक्युला की अमांडा: टेप बदलणारा गावाला गेला तर?

गेल्या आठवड्यात जालन्याहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तो आता एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. टेपवर बॅकअप घ्यायचा एलटीओ-६ जातीचा ड्राइव्ह आलाय, टेपांचा खोका आलाय, लिनक्सचा सर्व्हर तयार आहे. बॅकअप घेणारी दोन सॉफ्टवेअर, त्यातलं बाक्युला टाकू की अमांडा, एवढाच त्याचा प्रश्न. अर्धा तास बोललो तरी माझंच समाधान झालं नाही, म्हणून हे सावकाश लिहून काढतोय. टेप या जमान्यात कशाला, यावर इथं वेळ घालवत नाही. सकाळी येऊन शेअर फोल्डरमधल्या सगळ्या फायली खंडणीखोर व्हायरसनं (रॅन्समवेअरनं) कुलूपबंद केलेल्या ज्यानं एकदा पाहिल्यात, तो हा प्रश्न विचारत नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आहे. वजनकाटा, शेती विभाग, ऊसबिलं, स्टोअर, अकाउंट अशी पंचवीसेक मशिनं. बाक्युला चार हंगाम चालवला, त्यानंतर अमांडा आणली. हा तिचा सहावा हंगाम. मोजमापाचे तक्ते माझ्याकडं नाहीत, जे आहे ते रात्री-अपरात्री आलेल्या फोनांवरून.

दोन्ही फुकट, दोन्ही जुनी. अमांडा अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात जन्मली, नावातही मेरीलँड आहे. बाक्युलाचं काम २००० साली सुरू झालं. रात्री येऊन कॉम्प्युटरमधलं सत्त्व शोषून नेतो, असा विनोद त्याच्या कर्त्यांनीच करून ठेवलाय. स्वभावानं मात्र दोघं अगदी वेगळी. बाक्युला म्हणजे तलाठी. प्रत्येक फायलीची नोंद त्याच्या दप्तरात, म्हणजे कॅटलॉगच्या डेटाबेसमध्ये. कोणती फाइल कोणत्या टेपवर, कितव्या जागी, सगळं लिहिलेलं. अमांडा म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. सात दिवसांत प्रत्येकाचा एक फुल बॅकअप झाला पाहिजे आणि माझ्याकडं दहा टेपा आहेत, एवढं तिला सांगायचं. आज कुणाचा फुल, कुणाचा नुसता बदललेला भाग (इन्क्रिमेंटल), ते रोजच्या रोज तीच ठरवते. ज्यांना सोमवार फुल, मंगळवार इन्क्रिमेंटल अशी वही आवडते, त्यांचा पहिले दोन महिने तिच्यावर विश्वास बसत नाही. माझाही नव्हता.

बाक्युलाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. एका शेतकऱ्याच्या मागच्या हंगामातल्या पावत्यांची एकच फाइल हवी होती. कन्सोल उघडला, फोल्डरच्या झाडात खाली उतरलो, खूण केली. कोणती टेप लावायची ते त्यानंच सांगितलं. चहा येईपर्यंत फाइल हातात. विंडोज मशिनावर बसवायचा त्याचा स्वतःचा भाग, म्हणजे क्लायंट आहे आणि व्हीएसएस या विंडोजच्या क्षणप्रत काढायच्या सोयीमुळं अकाउंटची उघडी फाइलसुद्धा उचलली जाते. अमांडानं विंडोज घ्यायचं तर जुना रस्ता सांबा शेअरचा, म्हणजे विंडोजचं फोल्डर नेटवर्कवरून वाचायचा: उघडी फाइल सुटते, परवानग्या नीट येत नाहीत. आम्ही सगळ्या विंडोज मशिनांचा माल संध्याकाळी लिनक्सच्या फाइल सर्व्हरवर आणून टाकतो आणि अमांडाला फक्त तो दाखवतो. जुगाड आहे, पण चालतोय. तुमच्याकडं वीसपैकी अठरा मशिनं विंडोजची असतील आणि असला जुगाड नको असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, बाक्युला घ्या.

आता माझं मन कुठं उडालं ते सांगतो.

आमच्याकडं टेप बदलायचं काम मामांकडं. मामा म्हणजे ऑफिसचे शिपाई. संध्याकाळी सहाला कालची टेप काढून आजची लावतात, काढलेली टेप लोखंडी कपाटात ठेवतात आणि शेवटच्या गाडीनं गावी जातात. रोज वेगळी टेप लागावी म्हणून बाक्युलाला मी सांगून ठेवलं होतं की एक टेप तेवीस तास वापरली की ती 'यूज्ड' समज. बिचारं साधं गणित. पण त्या वर्षी येळवस आली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव रानात असतं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, आंबील, भज्जी. हंगाम ऐन भरात असला तरी येळवशीला ऑफिसात काट्यावरचा माणूस सोडून कुणी सापडत नाही. मामा दुपारीच गेले. टेप आदल्या दिवशीचीच राहिली.

रात्री दोनला बाक्युलानं पहिला जॉब, म्हणजे पहिल्या मशिनाचं बॅकअपचं काम काढलं, ड्राइव्हमधली टेप वाचली, ती वापरून झालेली, आणि तिच्यावरचा माल जपायची मुदतही न संपलेली. मग त्यानं वापरायला दुसरी टेप मागितली. मागितली आणि थांबला. मेल पाठवला. उत्तर नाही, तरी थांबलेलाच. त्याच्या मागं ड्राइव्ह मोकळा होण्याची वाट बघत बाकीचे जॉब, काट्यासमोर टायरगाड्या उभ्या राहाव्यात तसे. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर, मामाही उशिरा आले. ड्राइव्हचा दिवा हिरवा बघून त्यांना सगळं ठीक वाटलं. दुसऱ्या रात्रीचे जॉब पहिल्या रात्रीच्या जॉबांमागं जाऊन उभे. तिसऱ्या दिवशी मी येऊन पाहिलं तर दोन रात्रींचा एक बाइटही टेपवर गेला नव्हता. मामांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "येळवशीला कोण राहतंय सायेब हितं?" चूक त्यांची नव्हतीच.

जाणकार इथं हात वर करतील. इतका वेळ थांब आणि मग रद्द कर, असं बाक्युलाला सांगता येतं. येतं, पण रद्द झाला म्हणजे बॅकअप झाला नाहीच. डेटा स्पूल करा म्हणतील. स्पूल हा टेपला सलग माल मिळावा यासाठीचा तात्पुरता साठा आहे. टेपवर उतरेपर्यंत तो बॅकअप धरला जात नाही, त्यातून रिस्टोअर होत नाही. मग खरा उपाय उरतो आधी डिस्कवरच्या व्हॉल्यूमवर (टेपसारख्या वापरलेल्या फायलीवर) बॅकअप आणि दिवसा कॉपी जॉबनं टेपवर. तेही करून पाहिलं. चालतं. फक्त दोन पूल (टेपांचे किंवा व्हॉल्यूमचे गट), दोन स्टोरेज, दोन मुदती, आणि कॉन्फिगरेशनची फाइल इतकी लांबते की सहा महिन्यांनी आपणच लिहिलेली ओळ आपल्याला ओळखत नाही. त्यात मुदतीचा आणखी एक काटा: टेपची मुदत शेवटच्या लिखाणापासून मोजली जाते आणि आपण सांगितली नाही तर ती ३६५ दिवस धरली जाते. नव्या माणसाच्या दहा टेपा दोन आठवड्यांत संपतात आणि खोक्यात सगळ्या भरलेल्या दिसतात, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय.

अमांडा अशा वेळी अडून बसत नाही. तिला होल्डिंग डिस्क द्यायची. सगळ्या मशिनांचा माल आधी तिथं जमतो, तिथून टेपवर जातो. टेप नसेल, चुकीची असेल, तर माल डिस्कवरच ठेवून ती रात्र निभावून नेते. सकाळी मेल येतो: टेप मिळाली नाही, माल इथं पडलाय. टेप लावायची, डिस्कवरचा माल टेपवर उतरवणारी एएमफ्लश (amflush) ही आज्ञा चालवायची, झालं. आणि डिस्कवर आहे तेवढ्यावरूनही रिस्टोअर होतं. चालू चक्रातली टेप चुकून लावली तर ती त्यावर लिहायला साफ नकार देते. मामा चष्मा घरी विसरून येतात त्या दिवशी हा नकार मोलाचा असतो.

एक ठेच मात्र मला लागली, तुम्हाला लागू नये. होल्डिंग डिस्कचा 'रिझर्व्ह' मुळात १०० टक्के असतो. म्हणजे टेप नसताना सगळी जागा इन्क्रिमेंटलसाठी राखीव, फुल बॅकअप घेतच नाही. पुढच्या येळवशीला मी निर्धास्त झोपलो आणि सकाळी पाहतो तर फुलची पाळी असलेल्या काट्याच्या मशिनाचा नुसता छोटा भाग आलेला. रिझर्व्ह ३० वर आणला, तेव्हापासून तक्रार नाही.

तिची दुसरी खोड म्हणजे अंदाज. बॅकअपच्या आधी ती प्रत्येक मशिनाला विचारते की तुझा माल किती. काट्याच्या मशिनावर लाखो बारक्या पावत्या. मोजता मोजता ठरलेले ३०० सेकंद संपायचे आणि त्या मशिनाची पाळी बुडायची. शिवाय रात्री गाड्यांची रांग असताना काटा मंद झाला की शेती विभागाचा फोन मलाच. जुन्या आकड्यांवरून अंदाज सर्व्हरवरच करायला सांगितलं, मिटलं. आणि हेही सांगायला हवं की अमांडावरचं काम आता मंदावलंय, ३.५ ही आवृत्ती २०१७ सालची आहे. बाक्युला आणि त्यातून फुटून निघालेलं बारीओस दोन्ही जास्त हलती-जागती आहेत. ज्याला रोज नवं हवं त्याला अमांडा कंटाळवाणी वाटेल. टेपच्या बाबतीत मला कंटाळवाणंच बरं वाटतं.

बिघाडांपैकी निम्मे दोघांनाही सारखेच. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हची दोन नावं असतात, एसटी आणि एनएसटी. हाताखालच्या पोरांना मी असं सांगतो: एसटी काम संपलं की डेपोत परत जाते, म्हणजे टेप सुरुवातीपर्यंत मागं गुंडाळली जाते. एनएसटी ही मुक्कामी गाडी, जिथं थांबली तिथंच रात्र काढते. कॉन्फिगरेशनमध्ये मुक्कामी गाडीच लिहायची. एसटी लिहिली आणि फायलींचा गठ्ठा बांधणाऱ्या टार या आज्ञेनं हातानं दोन गठ्ठे एकामागं एक लिहिले, तर दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसतो.

वेगाचंही तसंच. एलटीओ-६ सेकंदाला १६० मेगाबाइट मागतो, गिगाबिटच्या तारेतून ११०-११५ मिळाले तरी पुष्कळ. ड्राइव्ह वेग थोडा उतरवून घेतो, पण माल त्याहूनही कमी पडला की टेप थांबते, मागं येते, पुन्हा धावते. खोलीत घरघर-टक असा आवाज सुरू झाला की समजायचं. मध्ये डिस्क असेल तर हे थांबतं, मग ती स्पूलची असो की होल्डिंगची. आणि धूळ. टेप पूर्ण भरताना ८४६ मीटरची फीत १३६ वेळा इकडून तिकडं जाते. आमच्याकडं हवेत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा. सर्व्हरच्या खोलीचं दार उघडं ठेवणाऱ्याला मी जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मे महिन्यात टेपा मोटरसायकलच्या डिकीतून दुसऱ्या गावच्या ऑफिसात नेल्या होत्या, त्यातली एक पुन्हा कधीच वाचली गेली नाही. आता थर्माकोलच्या डब्यातून जातात, आणि पोचल्यावर दिवसभर थंड झाल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालत नाही.

सुरक्षिततेत बाक्युला पुढं आहे, हे प्रामाणिकपणे मान्य. टीएलएस, म्हणजे तारेवरचं कुलूप लावता येतं, आणि क्लायंटवरच माल कुलूपबंद होऊन तारेवर येतो. फायलींची नावं तेवढी उघडी राहतात. मास्टर किल्लीची सोयही आहे. अमांडाच्या साध्या पद्धतीत मशिनाच्या नावावर विश्वास आणि तारेवर उघडा माल, म्हणून मी एसएसएच या कुलूपबंद जोडणीवरून चालवतो. टेपवरच्या कुलपासाठी ड्राइव्हचंच एईएस-२५६ (कुलूप लावायची पद्धत) वापरतो, एलटीओ-४ पासून ते ड्राइव्हमध्येच असतं. किल्ली कागदावर, पाकीट लाखेनं बंद, कार्यकारी संचालकांच्या तिजोरीत. किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवणारे लोक आहेत, म्हणून हे सांगितलं.

आणि शेवटची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात वीज पडून बॅकअपचा सर्व्हरच गेला. बाक्युला असता तर कॅटलॉगची प्रत आणि बूटस्ट्रॅपच्या फायली (कोणत्या टेपवर काय ते सांगणाऱ्या) बाहेर ठेवल्या आहेत का, इथून सुरुवात. नसतील तर टेप पूर्ण वाचून कॅटलॉग पुन्हा उभा करायचा. भरलेली एलटीओ-६ टेप नुसती वाचायलाच सव्वाचार तास. अमांडाची टेप मी स्टोअरमधल्या जुन्या मशिनाला ड्राइव्ह जोडून लावली. किल्लीचं पाकीट फोडलं, टेपवरच्या पुढच्या नोंदीवर गेलो, डीडी या लिनक्सच्या साध्या आज्ञेनं पहिले ३२ किलोबाइट काढून पाहिले. तिथं साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं: हा अमुक मशिनाचा अमुक तारखेचा माल, आणि सोडवायला ही आज्ञा द्या. अमांडा त्या मशिनावर नव्हतीच. डीडी, जीझिप (दाबलेला माल उलगडणारी आज्ञा) आणि टार, बस. एका मशिनाचा माल (डम्प) तुकड्यांत असेल तर तुकडे क्रमानं जोडावे लागतात, तेवढाच त्रास. संध्याकाळी ऊसबिलांचा हिशेब उभा होता.

जालन्याच्या मित्राला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याची मशिनं बहुतेक विंडोजची आहेत, त्यामुळं बाक्युलाच म्हणणार होतो. मग विचारलं, टेप रोज कोण बदलणार? म्हणाला, "वॉचमन. भला माणूस आहे, पण महिन्यातून दोनदा परतूरला जातो." दोन टेराबाइटची होल्डिंग डिस्क घे, म्हटलं, आणि दुपारी चारला अमांडाची एएमचेक (amcheck) ही तपासणीची आज्ञा क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायला लाव, म्हणजे कोणती टेप हवी ते तो निघायच्या आधी कळेल.