लुआंटी : कपाशीला पाणी मागणारा मुक्त खेळ

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात काही जुने संगणक आहेत आणि इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट. एवढ्या सामग्रीवर मुलांना खेळाचे मॉड, म्हणजे खेळात भर घालणारे किंवा बदल करणारे छोटे जोड, तयार करायला शिकवायचे असेल, तर माझ्या मते लुआंटीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. ठोकळ्यांच्या जगातील खेळ चालवणारे हे मुक्त इंजिन २०१० साली फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी माइनटेस्ट या नावाने सुरू केले; सध्याचे नाव त्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाले. इंजिन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असले, तरी खेळाचे सारे नियम लुआ या सुटसुटीत भाषेत असल्यामुळे मॉड म्हणजे दोन-तीन मजकुराच्या फायली आणि चित्रांचा एक फोल्डर, आणि त्यासाठी नोटपॅडही पुरते. विंडोजवर इन्स्टॉल करण्याची गरज नाही, पेनड्राइव्हवरून उतरवून घेतले की झाले. एका संगणकावर सर्व्हर सुरू केल्यास त्याच राउटरवरचे बाकीचे संगणक इंटरनेटशिवाय त्या जगात येतात. मात्र ५.८ या आवृत्तीपासून इंजिनासोबत मूळ खेळ येत नाही, तो वेगळा उतरवावा लागतो, हे आधी माहीत असलेले बरे.

‘माइनटेस्ट गेम’ या त्या मूळ खेळाच्या शेतीत गहू आणि कपाशी ही दोनच पिके असल्यामुळे आमच्या मुलांचे लक्ष कपाशीवर गेले नसते तरच नवल. सरकी लावल्यानंतर रोप ८ टप्प्यांनी वाढते आणि प्रत्येक टप्प्याचे १६ बाय १६ पिक्सेलचे वेगळे चित्र असते. पण ३ ठोकळ्यांच्या आत पाणी नसेल तर माती ओली होत नाही, आणि माती ओली नसेल तर रोप वाढत नाही. जिथे बहुतेक पेरणी पावसाच्या भरवशावर होते, तिथल्या मुलांना हा नियम कसा पटावा? ‘‘पाण्याच्या शेजारीच पऱ्हाटी होते, तर आमच्या वावरात काय उगवते?’’ असे एका मुलीने विचारले, आणि तिथूनच कोरडवाहू तुरीचा मॉड सुरू झाला.

पेरणीसाठी तयार केलेल्या मातीला खेळाच्या कोडमध्ये गट-क्रमांक दिलेला आहे : कोरडी असेल तर २ आणि ओली असेल तर ३. रोप वाढवणारे फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, ३ हाच आकडा तपासते. मुलांनी ते फंक्शन आपल्या मॉडमध्ये उतरवून घेतले, अट २ पर्यंत सैल केली, आणि कोरड्या मातीत रोप वाढेल पण सावकाश, अशी वेळ बांधली. परवाना मुक्त असल्याने यात आडकाठी नव्हती. मूळ लेखकांचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवावा लागतो. तुरीच्या शेंगांचे चित्र काढताना हिरवा रंग किती पिवळसर असावा, यावर झालेला वाद कोडपेक्षा लांबला, हे जाता जाता सांगतो.

मूळ खेळात आता प्रामुख्याने दुरुस्त्याच घेतल्या जात असल्यामुळे नवे पीक तिथे पाठवण्यात अर्थ नाही. त्याची जागा कंटेंटडीबी या मॉडच्या भांडारात आहे, आणि तेथेही नवे मॉड यादीत येण्याआधी तपासले जाते. इंजिनातच बदल सुचवायचा असेल तर साधारणपणे दोन मुख्य विकासकांची संमती लागते, आणि हे सारे स्वयंसेवक असल्यामुळे धीर हवा. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही शिस्त मला मोलाची वाटते, कारण बदल का केला हे चार ओळींत पटवून देण्याची सवय शाळेच्या प्रकल्पवहीतून लागत नाही.

मराठी वाचकांसाठी खरी उणीव देवनागरीची आहे. आम्ही वापरलेल्या आवृत्तीत जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, त्यामुळे ‘विहीर’ अशी साधी पाटीही नीट वाचता येत नाही. भाषांतराची सोय आहे, वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर कोणालाही ते करता येते. पण अक्षरांची जुळणी इंजिनातच सुधारली नाही तर भाषांतर करून उपयोग काय? म्हणून ज्या मराठी प्रोग्रामरला सी प्लस प्लस येते आणि या प्रकल्पाला काही द्यायचे आहे, त्याने नवे मॉड लिहिण्याआधी हे काम हाती घ्यावे. तोपर्यंत शिक्षकांनी मुलांना पाट्या रोमन अक्षरांत लिहू द्याव्यात आणि तुरीच्या मॉडपासून खुशाल सुरुवात करावी.